रकाना मोकळा ठेवायचा नाही

माझी आई गेली तोवर तिला कळलं नाही, की तिची लेक नोकरीत करते तरी काय. शेजारची बाई मास्तरीण होती, ती शिकवायची. समोरचा एसटीत कंडक्टर होता, तो तिकिटं फाडायचा. "आन् तुमची सुमन?" असं कुणी विचारलं की आई म्हणायची, "ती कचेरीत सगळ्यायला बोलावती." आम्ही घरात यावर पोट धरून हसायचो. पण खरं सांगते, माझ्या कामाचं एवढं नेमकं वर्णन मला पुढं कुठल्या सरकारी कागदात सापडलं नाही.

मी समन्वयाच्या टेबलावर होते. सरकारी कचेरीत प्रत्येक कामाला टेबल असतं. जमिनीचं टेबल, निवडणुकीचं टेबल, रेशनचं टेबल. समन्वयाच्या टेबलाला स्वतःचं काहीच नसतं. मंजुरी देता येत नाही, शिक्का नाही, गाडी नाही. मुंबईत धोरण ठरतं, त्याचा शासन निर्णय निघतो, आणि तो दहा खात्यांना एकदम जातो. प्रत्येक खातं समजतं की हे दुसऱ्यानं करायचं आहे. मग एक बाई किंवा बुवा त्या दहाजणांना एका खोलीत बसवतो, प्रत्येकाच्या तोंडून "करतो" असं वदवून घेतो, ते लिहून काढतो आणि पंधरा दिवसांनी विचारतो, "केलं का?" त्या बाईचं काम म्हणजे समन्वय. लोक तिला टाळतात. मला बघून बांधकामाचे साहेब एकदा मागच्या दारानं गेले होते, आणि मागच्या दाराला कुलूप होतं म्हणून पुन्हा माझ्यासमोरूनच परतले. "काय सोनकांबळेबाई, ठीक?" म्हणाले. मी म्हटलं, "ठीक हाय साहेब, बसा."

मी मूळची नांदेडची. नवा जिल्हा झाला तेव्हा शेजारच्या जिल्ह्यातल्या कारकुनांना पत्र आलं, की नव्या जिल्ह्यात कोण येतंय ते कळवा. जुने लोक हसले. तिथं इमारत नाही, कपाट नाही, राहायला क्वार्टर नाही. मी तेव्हा अगदी नवखी, घरातली पहिलीच पगारदार. मला वाटलं, जिथं सगळेच नवे आहेत तिथं मला कुणी नवी म्हणणार नाही. मी होय लिहिलं. लातूरकडच्या एका उपविभागाच्या कचेरीत मला टाकलं. कुठली ते सांगत नाही. माझी चूक आहे, त्यात कचेरीचं नाव कशाला.

त्या कचेरीत पहिल्या वर्षी खुर्च्या नव्हत्या. बैठक असली की मंडपवाल्याकडून लोखंडी खुर्च्या आणायच्या. एकदा पाझर तलावांवरची बैठक रंगली. पाटबंधारे आणि वनखातं असे भांडत होते, की बांधावरचं भांडण बरं. तेवढ्यात मंडपवाल्याचा माणूस दारात. "साहेब, बारा पस्तीसचा मुहूर्त हाय. वऱ्हाड उभं हाय." आमचे प्रांतसाहेब उठले. मग सगळेच उठले. खुर्च्या गेल्या, आणि उरलेली बैठक उभ्यानं दहा मिनिटांत संपली. दोन्ही खात्यांचं लगेच एकमत झालं. तेव्हापासून मी महत्त्वाची बैठक नेहमी जेवणाच्या आधी ठेवायची आणि एक-दोन खुर्च्या कमीच ठेवायची. हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नाही.

बाकी सगळं शिकवलं ते मोमीनसाहेबांनी. ते आमचे हेडक्लार्क. निजामाच्या वेळी उर्दूत शिकलेले, अक्षर मोत्यासारखं, आणि पान खाऊन बोलायचे म्हणून अर्धं बोलणं आपण ओळखून घ्यायचं. त्यांचा एक नियम होता. वरच्या कचेरीला जे तक्ते जातात त्यांना विवरणपत्र म्हणतात. गावांची नावं डावीकडे, पुढं रकाने. रकान्यात आकडा असेल तर आकडा, काहीच नसेल तर 'निरंक'. निरंक म्हणजे शून्य, काही नाही, सगळं ठीक.

"बाई," मोमीनसाहेब म्हणायचे, "रकाना मोकळा दिसला की वरून फोन येतो. कामून मोकळा हाय म्हणतेत. निरंक लिहिलं की फोन येत न्हाई. तवा मोकळा ठेवायचा न्हाई."

हे सगळ्या कचेऱ्यांत चालतं. माहिती आलीच नाही, असं लिहायला एक वाक्य लागतं आणि ते लिहिणाऱ्याच्या अंगावर येतं. निरंक लिहायला एक शब्द पुरतो. मीही लिहू लागले.

मग दुष्काळ पडला. दोन पावसाळे गेले होते. त्या वर्षी फेब्रुवारीतच विहिरींचे तळ दिसायला लागले. दर शनिवारी दुपारी बारापर्यंत टंचाईचं विवरणपत्र पोलिसांच्या बिनतारीवरून जिल्ह्याला जायचं. कुठल्या गावाला टँकर पाहिजे, कुठं चालू आहे. तालुक्यांचे कागद माझ्याकडं यायचे, मी एकत्र करायची.

त्यात एक गाव होतं. त्याला मी इथं हिवरतळा म्हणते. नव्या जिल्ह्यात तलाठ्यांच्या गावांची नवी वाटणी झाली होती. जुन्या तलाठ्यानं हिवरतळ्याचा कारभार सोडला होता आणि नव्यानं घेतला नव्हता. ग्रामसेवकाला वाटलं तलाठी कळवील. कुणीच कळवलं नाही. शनिवारी साडेअकराला माझ्यासमोर तक्ता, हिवरतळ्याचा रकाना मोकळा, आणि बिनतारीवाला हवालदार दारात उभा. मी लिहिलं, निरंक. पुढच्या शनिवारीही. त्याच्या पुढच्याही.

चौथ्या आठवड्यात मंगळवारी एक म्हातारी आली. काठी, डोक्यावर पदर, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. शिपायाला माझं आडनाव विचारून घेतलं होतं तिनं. टेबलासमोर आली आणि हळूच "जयभीम माय" म्हणाली. कचेरीत मला असं कुणी म्हणत नसे. मी पण हळूच म्हटलं.

"मी प्रयागबाई. हिवरतळ्याची, वस्तीवरची. तालुक्याला गेल्ते. तितला कारकून म्हनला, तुमच्या गावात टंचाई न्हाई, वरच्या कचेरीनं तसं लिव्हलंय. म्हनून इचारायला आले. कोन लिव्हलंय?"

माझ्या हाताखाली तोच तक्ता होता.

ती बसली आणि सांगत राहिली. लेक-सून रोजगार हमीवर खडी फोडायला जातात, पहाटेच निघतात, खाडा केला तर नाव कटतं. घरी ती आणि नात. नात शोभा, दहावीला. वस्तीत दहावीपर्यंत गेलेली पहिली पोर. वस्तीचा आड आटला. आता पाणी गावातल्या विहिरीचं. "मला घागर उचलंना. पोरगी जाती. तितं लंबर लागतोय बगा. काल तिचा पेपर व्हता. बीजगनित. घालनारं कुनी आलंच न्हाई येळंवर. पानी घिऊन पोर घरी आली तवर अहमदपूरची गाडी गेल्ती."

"पेपर बुडला?"

"बुडला की. आता परवा भूमिती हाय. मग आनिक तीन हायेत. तवर पानी वस्तीवर यावं. दुसरं काय न्हाई मागत."

मी स्वतः दहावीचा गणिताचा पेपर नांदेडला अंगात ताप असताना दिला होता, कारण आईनं सांगितलं होतं, मेलीस तरी पेपर देऊन मर. आणि इथं एका पोरीचा पेपर माझ्या एका शब्दानं बुडाला होता. मी तिला म्हटलं, "आजी, जा तुम्ही. परवाच्या आत बघते." म्हटलं खरं, पण टँकर असा परवाच्या आत मिळत नसतो.

नियम असा, की टँकरआधी तीन खात्यांची एकत्र पाहणी लागते. महसुलाचा मंडळ अधिकारी, पंचायत समितीचा विस्तार अधिकारी आणि पाणीपुरवठ्याचा उपअभियंता. तिघांच्या वेळा जुळायला पंधरा दिवस जायचे. मी तिघांनाही वेगवेगळा निरोप पाठवला, की बाकीचे दोघं निघालेत, जीप उभी आहे, फक्त तुमच्यासाठी थांबलेत. अर्ध्या तासात तिघं हजर. एकमेकांकडं बघत जीपमध्ये बसले. लबाडी होती, पण अख्ख्या नोकरीत मी केलेला सगळ्यात चांगला समन्वय तोच.

हिवरतळ्याला पोचलो तर विहिरीला पाणी होतं. खाली, गढूळ, पण होतं. उपअभियंता म्हणाले, "उद्भव आहे," म्हणजे पाण्याचा स्रोत आहे. मंडळ अधिकाऱ्यानं अंतर बघितलं. "नियमात बसतंय." विस्तार अधिकारी म्हणाले, "वस्तीला वेगळी बोअर मंजूर आहे." तिघांचंही खरं होतं. खोटं कुणीच बोलत नव्हतं.

विहिरीच्या कट्ट्याखाली पाच-सहा बायका घागरी घेऊन बसल्या होत्या. त्यांत एक पोरगी, दोन वेण्या, मांडीवर भूमितीचं पुस्तक. मी विचारलं, "शोभा का?" तिनं मान हलवली.

उपअभियंता पुण्याकडचे. ते तिला म्हणाले, "अगं, भर ना पाणी. बसलीस काय?"

"आमाला वर चढता येत न्हाई साहेब. गावातलं कुनी आलं की वरून घालतेत."

तिनं हे असं सांगितलं, की जणू गाडीची वेळ सांगते आहे. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. बोअर मंजूर होती, विहिरीला पाणी होतं, अंतर नियमात होतं, आणि पोरगी दोन तास झाले खाली बसून होती. आमच्या कुठल्याच तक्त्यात पाणी कुणाला घेता येतं हा रकाना नव्हता.

मी कट्ट्यावर चढले. दोर घेतला, पोहरा सोडला, ओढला. पदर खोचायचाही विसरले. सहा घागरी भरल्या. हाताला फोड आले, नंतर दोन दिवस टाक धरवत नव्हता. गावातले चार लोक पारावर बसून बघत होते. कुणी ब्र काढला नाही. सरकारी जीप उभी होती ना! जीप गेल्यावर काय, हे मलाही ठाऊक होतं आणि त्या बायकांनाही.

कायदा होता. आम्हा चौघांनाही तो पाठ होता. मी मंडळ अधिकाऱ्याला तसं म्हटलंही. काठी टेकत वस्तीवरून आलेल्या प्रयागबाईंनीच माझा हात धरला. "माय, केस करचाल आन् जाचाल. आमाला हितंच ऱ्हायाचंय. तू पानी दे. बाकी आमी बगताव." मला तेव्हा राग आला होता, तिचाही आणि माझाही. आजही ठरवता येत नाही की तिचं ऐकलं ते बरं केलं की वाईट.

परत आल्यावर टिपणी लिहायची होती. सरकारात साहेबांची सही हवी असेल तर आधी कारकून टिपणी लिहितो, हकीकत काय आणि काय करावं ते. हिवरतळ्याला तीन आठवडे निरंक का होतं, हे त्यात यायलाच हवं होतं. मोमीनसाहेबांनी खुर्ची जवळ ओढली.

"तलाठ्यावर टाका. चार्जचा घोळ हाय, कुणी इचारनार न्हाई. नोकरी नवी हाय तुमची. कशाला जाळून घेऊन राहिलात हात?"

"साहेब, त्यानं निरंक कळवलं नव्हतं. मी लिहिलं."

"मीच शिकवलं की तुम्हाला."

"तुमचं नाव नाही घालत."

ते उठून खिडकीबाहेर पान थुंकून आले. मग म्हणाले, "शुद्धलेखन बघून देतो. आणा हिकडं." मी लिहिलं होतं, 'माहिती प्राप्त नसताना निम्नस्वाक्षरीतेने निरंक अशी नोंद घेतली.' निम्नस्वाक्षरीता म्हणजे खाली सही करणारी, म्हणजे मी. त्यांनी एक वेलांटी सुधारली आणि कागद परत दिला.

मी आदेशाच्या मसुद्यात दोन ओळी जास्तीच्या घातल्या. टँकर गावच्या विहिरीत न सोडता वस्तीवर रिकामा करावा. आणि खेपांच्या वहीवर वस्तीतल्या दोन बायकांची सही किंवा अंगठा घ्यावा. टँकर बहुतेक गावच्या विहिरीतच ओततात, ते सोपं पडतं. मग पुन्हा कट्टा आलाच.

प्रांतसाहेबांनी त्या दिवशी दोन कागदांवर सह्या केल्या. एक टँकरचा आदेश. दुसरा मला, की आपल्यावर कारवाई का करू नये याचा खुलासा करा. दोन्ही मीच टाइपिस्टकडून आणले होते. सही करताना ते म्हणाले, "बाई, हे दुसरं मला करावंच लागतं." मी म्हटलं, "करा साहेब." खुलासा दिला. ठपका बसला, पुढची बढती उशिरा आली. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

बुधवारी संध्याकाळी टँकर वस्तीवर गेला. वहीत पहिला अंगठा प्रयागबाईंचा. गुरुवारी शोभा भूमितीच्या पेपरला बसली, नंतरच्या तीनही. आदेशातल्या त्या दोन ओळी पुढं आमच्या कचेरीच्या प्रत्येक टँकर आदेशात यायला लागल्या. नवे कारकून त्या जुन्या कागदावरून उतरवून काढायचे, कुणी लिहिल्या ते त्यांना माहीत नव्हतं. मला भारी वाटायचं. अजून वाटतं.

इथंच थांबले असते तर गोष्ट छान झाली असती. अनेकांना मी ती इथपर्यंतच सांगितली आहे. निवृत्तीच्या दिवशी माझ्या सत्कारात एकानं सांगितली तीही इथपर्यंतच.

पावसाळा लागल्यावर टंचाईचा अंतिम अहवाल करायचा होता. सगळ्या खात्यांची माहिती एकत्र, माझ्याच टेबलावर. त्यात एक नवा रकाना आला होता, 'टंचाईमुळे परीक्षेस मुकलेले विद्यार्थी'. शिक्षणखात्याचा कागद आला, निरंक. मी त्यांच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "बाई, ती मुलगी गैरहजर दाखवलीय. गैरहजर म्हणजे गैरहजर. टंचाईमुळे असं शाळेनं कुठं लिहिलंय? आता लिहायचं तर शाळेचं पत्र, आमचं पत्र, पुन्हा चौकशी. आणि तुमचा ठपका ताजाय अजून." या वेळी दारात हवालदार उभा नव्हता. घाई नव्हती. मला माहीत होतं, पोरीचं नाव माहीत होतं, पेपर माहीत होता. मी थकले होते, आणि घाबरलेही होते. टाक उचलला आणि लिहिलं.

पुढं खूप वर्षांनी जळकोट नवा तालुका झाला. तिथं मी नायब तहसीलदार होते. एका बैठकीला अंगणवाडीच्या मदतनीस बायका आल्या होत्या. संपल्यावर एक थांबली. वेण्या नव्हत्या, पण डोळे ओळखले मी.

"मॅडम, मी शोभा. हिवरतळ्याची. आता हिकडं दिलंय मला. आजी शेवटपर्यंत तुमचं नाव काढायची. माझ्या पोरीला पन सांगितलंय मी, की मॅडमनं टँकर आनला आन् विहिरीवर चढल्या."

मी विचारलं, "गणित सोडवलंस का नंतर?"

"न्हाई ना मॅडम. आक्टोबरचा फारम भरायला अहमदपूरला कोन जानार? बाबा म्हनले, नापास झाली, आता बसव घरी. दिवाळीनंतर लगीन झालं. दहावी पास असते तर सेविका झाले असते. मदतनीसच हाय." आणि ती हसली. "पन तुमी टँकर आनला की मॅडम."

मी तिला चहा पाजला. निरंकाचं मी तिला सांगितलं नाही, मार्चमधलंही नाही आणि जुलैमधलंही नाही. ती माझ्याकडं इतक्या मायेनं बघत होती, की तोंड उघडलं नाही.

निवृत्तीच्या आधी एक दिवस काढून मी त्या जुन्या कचेरीत गेले. अभिलेखाच्या खोलीत गठ्ठे लाल फडक्यात बांधलेले असतात, आमच्याकडं त्याला अजून रुमाल म्हणतात. मोमीनसाहेब केव्हाच गेले होते. रुमाल सोडून देणारा माणूस नवा होता. मी माझी टिपणी मागितली. तो म्हणाला, "मॅडम, साप्ताहिक कागद आणि त्यावरच्या टिपण्या वर्षाच्या आत नष्ट करतात. तुम्हाला तर माहिती असेल." माहीत होतं. वहीही गेली, प्रयागबाईंच्या अंगठ्यासकट. अंतिम अहवाल मात्र कायम जतन करायचा असतो, तो होता. उंदरांनी कड कुरतडली होती, बाकी शाई जशीच्या तशी. मी चूक कबूल केलेला कागद जळून गेला होता, आणि हा राहिला होता. चौथं पान, शेवटचा रकाना. निरंक. अक्षर माझंच, मोमीनसाहेबांनी घोटून घेतलेलं.

पर्समध्ये पेन होतं. तो माणूस समोरच उभा होता. अभिलेखात खाडाखोड करता येत नाही, गुन्हा आहे तो, आणि आयुष्यभर मी इतरांना तेच सांगत आले. मी रुमालाला गाठ मारून तो परत दिला.

म्हणून ती दुरुस्ती इथं करते. माहिती प्राप्त आहे. निम्नस्वाक्षरीतेला ती तेव्हाही होती. हिवरतळा, वस्ती. टंचाईमुळे परीक्षेस मुकलेले विद्यार्थी: एक.